रिकाम्या संगणकावरची घड्याळे: जुन्या हार्डवेअरवर नव्या टायमर-कोडची चाचणी

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या गाभ्याच्या, एखाद्या नव्या चाचणी-आवृत्तीत टायमरच्या कोडला हात लागलेला असला, की ती आवृत्ती मी आधी घरातल्या जुन्या संगणकांवर चढवतो आणि मग त्यांना मुद्दाम काहीच काम देत नाही. चाचणी म्हटली की यंत्रावर भरपूर ओझे टाकायचे, अनेक कामे एकदम चालवायची आणि ते कोलमडते का ते पाहायचे, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. फाइल-सिस्टिम किंवा मेमरीच्या व्यवस्थापनासाठी ती योग्यही आहे. टायमरच्या बाबतीत मात्र ती दिशाभूल करते. यंत्र कामात असताना डिस्क, नेटवर्क कार्ड आणि कळफलक यांच्याकडून इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणारे संकेत, सतत येत राहतात आणि त्या निमित्ताने प्रोसेसर जागा झाला, की मुदत उलटून गेलेले टायमरही तो उरकून टाकतो. मूळ टायमर-इंटरप्ट हरवला होता, हे त्या गर्दीत कोणाच्या लक्षातही येत नाही. रिकाम्या यंत्राला बाहेरून अशी मदत मिळत नाही, म्हणून दोष तिथेच उघडा पडतो.

याचे सर्वांत ठळक लक्षण २००७ च्या सुमारास लिनक्स वापरणाऱ्या अनेकांनी अनुभवले होते. संगणक सुरू होताना मध्येच थबकत असे आणि कळफलकावरची कोणतीही कळ दाबली की थोडा पुढे सरकत असे. त्या वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या २.६.२१ या आवृत्तीने ठरावीक टिकांची, म्हणजे नेमक्या अंतराने जागे होत राहण्याची, जुनी पद्धत मोडीत काढण्यास सुरुवात केली होती. त्यापूर्वी कर्नल सेकंदाला १००, नंतर १००० आणि पुढे २५० वेळा नियमाने जागा होत असे, काम असो वा नसो. २००६ च्या २.६.१६ मध्ये कर्नलकार थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोलनार यांचे सूक्ष्म मुदतीचे टायमर आले, २.६.१८ मध्ये वेळ मोजण्याची नवी सामाईक रचना आली आणि २.६.२१ मध्ये रिकाम्या वेळी टिक थांबवण्याची सोय झाली. जुन्या पद्धतीत एखादी टिक चुकली तर घड्याळ फार तर १० मिलिसेकंद मागे पडत असे, कारण पुढची टिक येणार हे ठरलेलेच होते. नव्या पद्धतीत कर्नल हिशेब करून एकच गजर लावतो आणि निर्धास्त झोपतो. तो गजर वाजला नाही, तर उठवायला दुसरे कोणी नसते. कोडची गुणवत्ता सुधारली आणि त्याच वेळी हार्डवेअरच्या प्रामाणिकपणावरचा भरवसाही वाढला, असा हा व्यवहार होता. जुन्या हार्डवेअरवरची चाचणी मला महत्त्वाची वाटते ती याच कारणाने.

पीसीमध्ये घड्याळे इतकी का, हे कळल्याशिवाय पुढचे नीट उलगडत नाही. आयबीएमच्या १९८१ सालच्या पीसीत इंटेलची ८२५३ ही टायमर-चिप होती. बोर्डावरचा स्फटिक १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा होता, कारण ही वारंवारता अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीच्या रंगवाहक लहरीची चौपट होते आणि त्यावरून टीव्हीला जोडण्याजोगे रंगीत चित्रही काढता येत असे. त्या आकड्याला बाराने भागून १.१९३१८२ मेगाहर्ट्झ हा टायमरचा वेग आला आणि तो आजतागायत सुटलेला नाही. या चिपचा काउंटर १६ बिटांचा असल्याने तो पूर्ण भरला तरी ५४.९ मिलिसेकंदांच्या पलीकडे जात नाही. शिवाय या वेगाला १००० ने भागले तर पूर्णांक मिळत नाही. ११९३ हा जवळचा पूर्णांक घ्यावा लागतो, आणि अशी टिक बरोबर एक मिलिसेकंदाची आहे असे कर्नलने समजले, तर घड्याळ दिवसाला सुमारे १३ सेकंद पुढे धावते. म्हणून हिशेबात ही तफावत धरावीच लागते. टिकेची लांबी बदलणारा कोणताही नवा कोड आला की ही तफावत अजून धरली जाते आहे ना, हे मी आधी पाहतो.

१९८४ च्या पीसी-एटीमध्ये बॅटरीवर चालणारे मोटोरोलाचे घड्याळ आले. त्याचा स्फटिक ३२.७६८ किलोहर्ट्झचा. १९९३ मध्ये पेंटियमने टीएससी हा प्रोसेसरच्या आतला काउंटर आणला. तो वाचायला सर्वांत स्वस्त आणि विश्वास ठेवायला, निदान पहिली पंधरा वर्षे, सर्वांत अवघड ठरला. बहुप्रोसेसर यंत्रांसाठी प्रत्येक प्रोसेसरला इंटरप्ट सांभाळणाऱ्या एपीआयसी या भागातला स्वतःचा टायमर मिळाला. एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकाबरोबर ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा पीएम टायमर आला आणि शेवटी इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एचपीईटी हा अधिक अचूक टायमर आणला, ज्याचे १.० विवरण २००४ चे आहे. आधीचे कोणतेही घड्याळ काढून टाकले गेले नाही. त्यामुळे कर्नलला सुरू होताना ही सगळी मंडळी तपासून दोन निवडी कराव्या लागतात: वेळ कोणाला विचारायची आणि उठवायला कोणाला सांगायचे. या दोन कामांत गफलत करू नये. एखादे घड्याळ वेळ अचूक सांगते, पण उठवत नाही. पीएम टायमर तसा आहे. एपीआयसी टायमर उठवतो, पण वेळ विचारण्याच्या कामी लिनक्स त्याला वापरत नाही.

चाचणीसाठी यंत्र जितके जुने तितके चांगले, असे मुळीच नाही. अगदी जुन्या यंत्रात फक्त ८२५३ किंवा तिची धाकटी बहीण ८२५४ असते, प्रोसेसरला खोल झोप माहीत नसते आणि चुकायला जागाच कमी असते. २००८ नंतरच्या यंत्रांत गोष्टी पुन्हा मार्गी लागलेल्या दिसतात, कारण इंटेलच्या नेहेलम पिढीपासून टीएससी प्रोसेसर झोपला तरी थांबत नाही. खरी गोम मधल्या काळात आहे, साधारण १९९८ ते २००८. या दशकात वीज वाचवण्याच्या युक्त्या वेगाने आल्या आणि घड्याळांना त्यांची वार्ता कोणी दिलीच नाही. प्रोसेसर सी-३ नावाच्या झोपेत गेला की त्याचा एपीआयसी टायमरही थांबतो. म्हणजे गजर लावून झोपावे आणि आपल्याबरोबर गजराचे घड्याळही झोपावे, असा प्रकार. त्यावर उपाय म्हणून कर्नल झोपण्यापूर्वी आपली मुदत एचपीईटी किंवा ८२५४ यांच्याकडे सोपवतो. एएमडीच्या दोन-कोरी प्रोसेसरांवर तर बायोसने, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामने, सी-१-ई ही सोय चालू केली असेल, तर कर्नलने साधी विश्रांती मागितली तरी दोन्ही कोर थांबताच हार्डवेअर परस्पर खोल झोपेत जात असे आणि एपीआयसी टायमर बंद पडत असे. कर्नलला हे आता ओळखता येते, पण ते ओळखणारा कोड नेमका अशाच यंत्रांवर चालतो. नव्या फेरबदलात त्याचा क्रम पुढेमागे झाला, तर आजच्या लॅपटॉपवर कोणालाही काहीच जाणवणार नाही.

यंत्र थबकले की माझा पहिला प्रश्न असतो, किती वेळ थबकले? मनगटी घड्याळाने मोजलेला हा एक आकडा बहुतेकदा दोषी घड्याळाचा पत्ता देतो, कारण प्रत्येक काउंटर भरून पुन्हा शून्यावर येण्याचा काळ वेगळा आहे. पीएम टायमर बहुतेक ठिकाणी २४ बिटांचा असतो आणि ४.६९ सेकंदांत फिरून शून्यावर येतो. कर्नल त्याहून जास्त वेळ सलग झोपला, तर किती फेऱ्या झाल्या हे कळण्याचा मार्ग उरत नाही आणि घड्याळ ४.६९ च्या पटीत मागे पडते. म्हणून झोपेची कमाल मर्यादा वेळ सांगणाऱ्या घड्याळावरून ठरवावी लागते. ही मर्यादा शाबूत आहे की नाही, हे पाहायला पीएम टायमर निवडून यंत्र रात्रभर निवांत ठेवणे हा सोपा मार्ग आहे. ८२५४ वर हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तिच्यात ५५ मिलिसेकंदांपेक्षा लांबचा गजर मावतच नाही आणि लिनक्स सावधगिरीने त्याच्या निम्माच पल्ला वापरतो. त्यामुळे अशा यंत्रावर टिक थांबवण्याचा फायदा नावापुरता राहतो. एका जुन्या यंत्रावर टिक थांबवूनही इंटरप्टांची संख्या फारशी घटली नाही, म्हणून तो दोष समजण्याचे कारण नाही.

एचपीईटीची कथा यापेक्षा रंजक आहे. त्याचा काउंटर एकसारखा पुढे सरकत असतो आणि आपण दिलेल्या आकड्याशी त्याची बरोबरी झाली, की इंटरप्ट येतो. इथे ‘बरोबरी’ महत्त्वाची आहे. ‘ओलांडला’ एवढ्याने काहीच घडत नाही. मुदत फार जवळची असेल आणि आकडा लिहून होईपर्यंत काउंटर त्याच्या पुढे गेला, तर ती बरोबरी पुढच्या फेरीलाच होते. लिनक्स हा टायमर ३२ बिटांनी वापरतो. १४.३१८१८ मेगाहर्ट्झच्या वेगाने ३२ बिटांची फेरी पुरी व्हायला ३०० सेकंद लागतात. म्हणजे यंत्र पाच मिनिटे निश्चल राहते आणि मग काहीच घडले नाही अशा थाटात पुढे चालू लागते. त्यातच काही चिपसेटांमध्ये लिहिलेला आकडा लगेच लागू होत नाही. थोड्या उशिराने होतो. त्यामुळे लिहिल्यानंतर पुन्हा वाचून पाहिले तरी फसगत होऊ शकते. २०१० मध्ये ग्लाइक्सनर यांनी या चिपांच्या वागण्यावर उघड वैताग व्यक्त करत किमान अंतराची अट कडक केली आणि लिहिलेला आकडा काउंटरच्या फार जवळ असला तर गजर लागलाच नाही असे समजून पुन्हा लावावा, अशी व्यवस्था केली. त्या ओळींना नंतर कोणी ‘अनावश्यक’ समजून हात लावू नये असे मला मनापासून वाटते. आधुनिक यंत्रावर त्या खरोखरच अनावश्यक दिसतात, आणि धोका तिथेच आहे.

मात्र पाच मिनिटांच्या बाबतीत एक फसवा योगायोग सांभाळावा लागतो. कर्नलचा टिक मोजणारा ३२ बिटांचा आकडा ओसंडून पुन्हा शून्यावर येतो, तेव्हा काही ड्रायव्हरांची वजाबाकी चुकते. सेकंदाला १०० टिकांच्या हिशेबाने हे ४९७ दिवसांनी घडत असे आणि इतके दिवस चाचणी कोण करणार? म्हणून कर्नलकारांनी हा आकडा शून्याऐवजी उणे पाच मिनिटांपासून सुरू केला, जेणेकरून तो प्रसंग बूटनंतर पाचव्या मिनिटालाच यावा. ही युक्ती फार शहाणपणाची आहे. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा आकडा ४९.७ दिवसांनी ओसंडून यंत्र अडकत असे, आणि हे उघड व्हायला बरीच वर्षे लागली होती. तेव्हा नोंद घेताना यंत्र बूटनंतर पाच मिनिटांनी बिघडले की कोणत्याही क्षणी थबकून पाच मिनिटांनी जागे झाले, हे स्पष्ट लिहावे. पहिल्यात ड्रायव्हरचा हिशेब तपासावा, दुसऱ्यात एचपीईटी.

आता अचूकतेबद्दल. टीएससी आणि एपीआयसी टायमर यांचा नेमका वेग जुन्या यंत्रात कुठेही लिहिलेला नसतो. सुरू होताना कर्नल ८२५४ किंवा पीएम टायमरच्या मदतीने काही मिलिसेकंद मोजून तो ठरवतो. नेमक्या त्या मिलिसेकंदांत बायोसने प्रोसेसर ताब्यात घेतला, तर मोजमाप बिघडते. आणि यूएसबी कळफलकाला जुन्या कळफलकाचे रूप देण्यासाठी बायोस असे वारंवार करतो. म्हणून कर्नल अनेकदा मोजून सर्वांत कमी व्यत्ययाचे उत्तर घेतो. नव्या कोडमध्ये हे मोजमाप बदलले असेल, तर यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करून प्रत्येक वेळी लॉगमध्ये उमटलेला वेग पाहावा. आकडा प्रत्येक बूटला थोडा वेगळा येत असेल, तर एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या व्यवस्थेने, काल शिकलेली दुरुस्ती आज लागू पडत नाही. एनटीपी दशलक्षांत ५०० पर्यंतची चूक सावरते, म्हणजे दिवसाला ४३.२ सेकंद. स्फटिकाची स्वतःची चूक सहसा त्याच्या दशांशाच्या आसपास असते. त्यामुळे चूक शेकड्यांत गेली, की स्फटिकाकडे बोट न दाखवता मोजमापाकडे पाहावे.

एक मधली सूचना. बॅटरीवरच्या घड्याळाशी तुलना करून कोडला नापास करू नये. ३२.७६८ किलोहर्ट्झचा स्फटिक २५ अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने चालतो आणि गरम वा थंड, कोणत्याही बाजूला गेले तरी मंदावतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात ४० अंशांच्या खोलीत तो केवळ तापमानामुळे दिवसाला अर्ध्या सेकंदाहून जास्त मागे पडतो. आणि दोन ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या यंत्रावर बरोबर साडेपाच तासांचा फरक दिसला, तर टायमरकडे वळूच नये. विंडोज त्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते आणि लिनक्स बहुधा जागतिक वेळ.

खात्रीच्या तुलनेसाठी जुन्या संगणकाकडे एक वस्तू असते जी नव्या लॅपटॉपकडे नसते, ती म्हणजे खराखुरा सिरियल पोर्ट. जीपीएस रिसीव्हरमधून दर सेकंदाला निघणारा स्पंद त्या पोर्टच्या डीसीडी पिनवर जोडला, तर प्रत्येक स्पंदाला इंटरप्ट येतो आणि कर्नल त्या क्षणी स्वतःचे घड्याळ काय सांगत होते याची नोंद ठेवू शकतो. यूएसबीच्या जोडणीत ही अचूकता राहत नाही, कारण तिथे संदेश ठरलेल्या फेऱ्यांनी विचारला जातो. तोच पोर्ट कन्सोल म्हणूनही कामी येतो. टायमर मेलेला असताना नेटवर्कवरून आत जाता येत नाही, पण सिरियलवर शेवटच्या ओळी मिळतात. दोन्ही कामांसाठी दोन पोर्ट असलेला मदरबोर्ड मिळाला तर तो भंगारात देऊ नये.

एकापेक्षा जास्त कोर असले, की आणखी एक तपासणी अपरिहार्य ठरते: एका कोरवर वाचलेली वेळ दुसऱ्या कोरवर लगेच नंतर वाचलेल्या वेळेच्या पुढे असता कामा नये. २००५ मध्ये आलेल्या अॅथलॉन ६४ एक्स-२ वर दोन्ही कोरांचे टीएससी विश्रांतीच्या काळात एकमेकांपासून ढळत असत. विंडोजवरचे खेळ त्यामुळे अडखळत, आणि एएमडीला त्यासाठी वेगळी दुरुस्ती द्यावी लागली होती. लिनक्समध्ये यासाठी पहारा आहे. दर अर्ध्या सेकंदाला टीएससीची तुलना एचपीईटी किंवा पीएम टायमरशी होते आणि फरक फार वाढला की टीएससी बाद केला जातो. अशा यंत्रावर तो बाद झाल्याची ओळ लॉगमध्ये आली, तर नवा कोड नीट वागतो आहे असे समजावे. ती ओळ आली नाही आणि घड्याळ मागेपुढे झाले, तर मात्र काळजीचे कारण आहे.

हे सगळे क्यूईएमयूमध्ये, म्हणजे संगणकाचे अनुकरण करणाऱ्या प्रोग्राममध्ये, का करू नये, असे मला विचारले जाते. करावे, जरूर करावे. कोड चालतो की नाही हे तिथे मिनिटात कळते. पण क्यूईएमयू ८२५४ आणि एचपीईटी यांची विवरणात लिहिलेली वागणूक दाखवते, त्यांचे दोष नव्हे. इंटेलच्या पीआयआयएक्स-४ चिपसेटच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत पीएम टायमर वाचताना मध्येच चुकीचा आकडा मिळू शकतो, म्हणून तो तीनदा वाचून ताडावा लागतो; व्हीआयए ६८६-ए असलेल्या काही बोर्डांवर ८२५४ ची मांडणी आपोआप पुसली जात असे आणि लिनक्स २.४ त्याबद्दल चिपचे नाव घेऊन तक्रार नोंदवत असे. असे दोष कोणी मुद्दाम अनुकरणात घालत नाही.

जुन्या यंत्रांचा आधार कुठवर ठेवायचा, हा वाद नवा नाही आणि त्यात मी आंधळा पक्षपाती नाही. इंटेलच्या जुन्या ३८६ प्रोसेसरला लिनक्सने ३.८ आवृत्तीत निरोप दिला. २०२५ च्या एप्रिलमध्ये इंगो मोलनार यांनी ४८६ आणि टीएससी नसलेले प्रोसेसरही वगळण्याचा प्रस्ताव मांडला. मला तो पटतो, कारण टीएससी नसेल तर काय, ही फाटाफूट टायमरच्या कोडमध्ये ठिकठिकाणी सांभाळावी लागते आणि तिची चाचणी करणारे जवळपास कोणी उरलेले नाही. ज्या यंत्रांवर टीएससी आहे पण बेभरवशाचा आहे, त्यांची गोष्ट निराळी. ती अजून छोट्या कार्यालयांत, दुकानांच्या बिलिंगला आणि कारखान्यांतल्या नियंत्रण-कक्षांत चालताना दिसतात.

झोपवून उठवण्याची चाचणी मी सर्वांत शेवटी घेतो, कारण तिच्यात वरचे सगळे प्रश्न एकदम येतात. मेमरीत स्थिती ठेवून यंत्र झोपवले, की उठताना बायोस ८२५४ आणि एचपीईटी यांना कोणत्या अवस्थेत परत देईल याचा भरवसा नसतो. कर्नलने ते दोन्ही नव्याने मांडले पाहिजेत, आणि झोपेत गेलेला वेळ बॅटरीवरच्या घड्याळावरून भरून काढला पाहिजे. त्या घड्याळाची अचूकता एका सेकंदाची असल्याने तेवढा फरक माफ आहे. उठल्यावर यंत्राला लगेच हात न लावता पुन्हा निवांत ठेवावे आणि मग इंटरप्टांचे आकडे पाहावेत.

अहवालात प्रोसेसर, चिपसेट, बायोसची आवृत्ती, वेळेसाठी आणि उठवण्यासाठी निवडली गेलेली घड्याळे, झोपेच्या किती पायऱ्या चालू होत्या आणि थबकण्याचा मोजलेला काळ एवढे असले, की कर्नलकारांना सहसा पुढचे विचारावे लागत नाही. दोषी बदल शोधण्यासाठी आवृत्त्या निम्म्या-निम्म्याने गाळत जावे लागले, तर संकलन (कंपाइल) नव्या यंत्रावर करून तयार कर्नल जुन्यावर न्यावा. प्रत्येक टप्प्याला यंत्र निदान दहा मिनिटे रिकामे बसवावे, कारण पाच मिनिटांची फेरी पुरी होण्याआधीच कर्नल निर्दोष ठरवला तर शोध चुकीच्या निम्म्याकडे वळतो.